महिला मंडळात नवीन सभासद: अर्ज सगळ्यात शेवटी

महिला मंडळांच्या चिटणीस भेटल्या की तक्रार ठरलेली असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉल भरतो, चाळीस-पन्नास जणी अर्ज भरून जातात आणि एप्रिलच्या सभेला पुन्हा तेच जुने वीस चेहरे. मग कुणीतरी म्हणतं, हल्लीच्या बायकांना वेळच नाही. मला हे पटत नाही. त्याच बायका भिशीला वेळेवर येतात, मुलांच्या शाळेत तासन्‌तास थांबतात, शेजारणीच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसतात. आपल्या मंडळात त्या टिकत नाहीत, कारण आपण क्रम उलटा लावतो. आधी अर्ज, लगेच वर्गणी, ओळख जमली तर जमली, आणि काम तर कुणी देतच नाही.

खाली दिलेला क्रम तालुक्याच्या गावातल्या किंवा शहराच्या उपनगरातल्या नोंदणीकृत मंडळासाठी आहे. तुमचं मंडळ सोसायटीपुरतं आणि बिननोंदणीचं असेल, तर कायद्याचा भाग सोडा. बाकीचं जसंच्या तसं लागू पडतं.

टप्पा १: जुनी नोंदवही आधी तपासा

नवीन नावं शोधायला निघण्यापूर्वी सभासद नोंदवही, पावती पुस्तक आणि गेल्या वर्षाची हजेरी अशी तीन पुस्तकं एकत्र घेऊन बसा. खजिनदार आणि चिटणीस दोघींनी मिळून बसायचं, एकटीनं नाही. प्रत्येक नावापुढे तीन खुणा करा: चालू वर्षाची वर्गणी भरली का, गेल्या सहा सभांपैकी किमान दोन सभांना आली का, वर्षभरात एखादं काम केलं का.

समजा नोंदवहीत १२० नावं आहेत. वर्गणी भरणाऱ्या ४५ निघतील, येणाऱ्या २५ आणि काम करणाऱ्या सात-आठ. नवीन किती जणी सांभाळता येतील हे त्या २५ च्या आकड्यावर ठरतं, १२० वर नाही. माझा अंदाज असा की नियमित येणाऱ्या दर तिघींमागे एक नवीन, म्हणजे एका वेळी आठ. त्याहून जास्त आल्या तर त्यांच्याशी बोलायलाही कुणी उरत नाही.

मग मंडळाची घटना उघडा. सभासदत्व कुणाला, प्रवेश फी किती, वार्षिक वर्गणी किती, अर्जाला सूचक-अनुमोदक लागतात का, मंजुरी कोण देतं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण बहुतेक कार्यकारिणी सदस्यांनी घटना वाचलेली नसते. वर्गणीचा आकडा घटनेतच असेल आणि तुम्ही वेगळा घेत असाल, तर तो फरक सर्वसाधारण सभेपुढे आणून आधी मिटवा.

*थकबाकीकडे लक्ष द्या.* संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल, तर त्या व्यक्तीला मतदानाचा हक्क राहत नाही आणि सभासद म्हणून तिची गणनाही होत नाही. त्यामुळे थकलेल्या नावांना आधी लेखी आठवण द्या, मुदत द्या आणि त्यानंतर घटनेत सांगितल्याप्रमाणे निर्णय घ्या. तोंडी ‘नाव काढून टाकलं’ असं कधीही करू नका. पुढे भांडण उभं राहतं ते इथेच.

टप्पा २: काम ठरवा, मग माणूस शोधा

‘जास्तीत जास्त महिलांनी सभासद व्हावे’ असा फलक लावला की कुणीच येत नाही, कारण तो कुणालाच उद्देशून नसतो. कार्यकारिणीच्या सभेत पुढच्या वर्षाची कामं लिहून काढा आणि प्रत्येक कामापुढे लिहा, आपल्याकडे कोण कमी आहे. हिशेब संगणकावर ठेवणारी, पेटी वाजवणारी, पाळणाघर चालवलेली, बँकेचे कागद समजणारी, दुचाकी चालवणारी, शंभर माणसांचा स्वयंपाक हाताळणारी. मग त्या कामाला कोण योग्य आहे ते गल्लीगल्लीनं आठवा. यादी आपोआप तयार होते.

तीन गटांकडे आपलं नेहमी दुर्लक्ष होतं.

एक, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या आणि जिल्हा परिषदेतल्या बायका. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली आपली एक अख्खी पिढी आहे, त्यामुळे ३१ मेला निवृत्त होणाऱ्या पुष्कळ. पहिला महिना त्या आराम करतात, दुसऱ्या महिन्यात कपाटं आवरतात. जुलैत जाऊन भेटा. दिवाळीनंतर गेलात तर तोवर नातवंडं, योगवर्ग आणि भजनी मंडळ यांनी त्यांचा दिवस भरलेला असतो.

दोन, बदली होऊन किंवा फ्लॅट घेऊन नव्यानं राहायला आलेल्या. त्यांना गावात कुणी ओळखत नाही आणि ओळख हवी असते.

तीन, विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित बायका. हळदीकुंकू हेच आपलं बोलावण्याचं एकमेव निमित्त असेल, तर या बायकांना आपण दारातच सांगून टाकतो की हे मंडळ तुमच्यासाठी नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या मंडळानं तेवढं तरी करायलाच हवं: आमंत्रणात ‘सुवासिनींना’ हा शब्द नको, आणि तिळगूळ, वाण, फूल येणाऱ्या प्रत्येकीला सारखंच. कुंकू लावायच्या आधी फक्त ‘लावू ना?’ एवढं विचारा. ज्यांनी हे केलं, त्या मंडळांना फार चांगल्या कार्यकर्त्या मिळाल्या आहेत.

टप्पा ३: वर्षातला आणि दिवसातला वेळ

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत अर्ज भरून घेणं ही सगळ्यात मोठी चूक. कारणं साधी आहेत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत पूर्ण वर्गणी भरलेल्या बाईकडे एप्रिलमध्ये पुन्हा पावती पुस्तक घेऊन गेलात तर तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि तिचं चुकत नाही. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. ज्या वयाच्या बायका आपल्याला हव्या असतात, नेमक्या त्याच तेव्हा घराबाहेर पडत नाहीत. मग एप्रिल-मेमध्ये वाळवणं, लग्नसराई आणि माहेर. म्हणजे अर्ज भरल्यापासून पहिले चार-पाच महिने ती येऊच शकत नाही आणि तोवर विसरून जाते.

त्यापेक्षा वर्ष असं मांडा:

- जानेवारी-फेब्रुवारी: हळदीकुंकवाला फक्त नाव, गल्ली आणि फोन नंबर घ्या. पैसे नकोत, अर्ज नको.
- चैत्रातलं हळदीकुंकू: डाळ-पन्ह्याला त्या यादीतल्या बायकांना नाव घेऊन बोलवा. ज्या आल्या त्यांच्या नावापुढे खूण करा.
- जूनअखेर ते जुलै: शाळा सुरू झाल्या, डबे-रिक्षा मार्गी लागल्या की घरी भेटी.
- श्रावण: मंगळागौरीचे खेळ. सराव महिनाभर चालतो, त्यात नवीन बाई सहज मिसळते.
- नवरात्र, भोंडला: तोवर तिच्याकडे एखादं काम आलेलं असलं पाहिजे.

दिवसातली वेळ हाही तेवढाच गंभीर प्रश्न आहे. दुपारी तीनची सभा म्हणजे नोकरी करणारी बाई वजा, शिवणकाम करणारी वजा, पोळ्यांची ऑर्डर घेणारीही वजा. महिन्यातली एक सभा रविवारी सकाळी किंवा शनिवारी संध्याकाळी साडेसहाला घ्या आणि ती दीड तासात संपवा. सातला सुरू म्हणून पावणेआठला सुरू होणाऱ्या सभेला तरुण बाई दुसऱ्यांदा येत नाही. तुमच्या भागात नळाला पाणी कधी येतं हे आधी बघा. पाण्याच्या वेळेला ठेवलेली सभा ओस पडते आणि आपण कारण भलतीकडेच शोधत राहतो.

टप्पा ४: घरी जाणं

बोलावणं घरी जाऊनच करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं आमंत्रण हे आठवणीसाठी, पहिल्या भेटीसाठी नाही.

दोघींनीच जा. एक त्याच गल्लीतली, एक कार्यकारिणीतली. चौघी गेल्या की समोरच्या बाईला वाटतं देणगी मागायला आल्या. दुपारची झोप झाल्यावर आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी, म्हणजे चार ते साडेपाच, ही वेळ बरी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी जाऊ नका, तिची पूजेची गडबड असते. घरात सासूबाई असतील तर आधी त्यांना नमस्कार, त्यांच्याशी दोन शब्द आणि त्यांनाही बोलावणं. सासू आणि सून दोघी मंडळात असल्या तर सुनेची सभा बुडत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

बोलायचं काय? मंडळाची स्थापना, पुरस्कार आणि फोटोंचा अल्बम नको. पुढचं एवढंच पुरेसं आहे:

“वहिनी, आम्ही समोरच्या गल्लीतल्या मंडळाकडून आलो. तुम्ही पतपेढीत हिशेब बघायच्या असं कळलं. सप्टेंबरात आमचं आरोग्य शिबिर आहे, त्याचा खर्च मांडायला कुणीतरी जाणतं हवंय. येत्या रविवारी साडेदहाला सभा आहे, दीड तासात संपते. एकदा येऊन बघाल का? सभासद व्हायचं की नाही ते नंतर बघू.”

तिच्याबद्दल काहीतरी ठाऊक असणं, एक ठोस काम, एक ठोस वेळ आणि परत जायची मोकळीक, या चारही गोष्टी त्यात आल्या. ती म्हणाली “घरी विचारून सांगते”, तर मान डोलवा आणि कधी फोन करू ते विचारा. तिथेच मन वळवायचा प्रयत्न केला की दार कायमचं बंद होतं.

*सांभाळायच्या तीन गोष्टी.*

पहिली: सरकारी योजनेचं आमिष दाखवू नका, नकळतसुद्धा नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी लागलेल्या रांगा सगळ्यांना आठवतात. ‘अर्ज भरा’ म्हटलं की कित्येक बायकांना वाटतं काहीतरी मिळणार आहे. मंडळाच्या सभासदत्वानं कोणताही सरकारी लाभ मिळत नाही, हे स्पष्ट सांगा. बचत गट आणि भिशी यांच्याशीही गल्लत होऊ देऊ नका. इथे कर्ज मिळत नाही, हेही पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

दुसरी: निवडणुकीच्या तोंडावर नावं-नंबर गोळा करू नका. त्या दिवसांत वाण वाटणारे उमेदवार घरोघरी फिरत असतात आणि तुमची वही त्यांच्याकडे जाणार असाच समज होतो. आणि ती वही खरोखरच कुणालाही द्यायची नाही, कितीही ओळखीचा माणूस मागायला आला तरी.

तिसरी: हाका मारताना भेद नको. शाळेतल्या बाईंना ‘मॅडम’ आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ किंवा नुसतं नावानं, असं एकाच सभेत चाललं तर दुसरी बाई पुन्हा येणार नाही. सगळ्या ताई, नाहीतर वयानुसार काकू. एकच रीत ठरवा आणि अध्यक्षांपासून पाळा.

टप्पा ५: दोन सभा पाहुणी म्हणून

पहिल्या दोन सभा नवीन बाईनं पाहुणी म्हणून यायचं. ना वर्गणी, ना सही. या दोन सभांत तीही आपल्याला जोखते.

आपल्या सभा नव्या नजरेनं बघा. भिंतीकडेच्या खुर्च्या जुन्या मैत्रिणींनी धरलेल्या असतात, मधली सतरंजी रिकामी असते. नवीन बाई दाराशी चप्पल काढते, आत बघते, कुणीच ओळखीचं दिसत नाही, मग दाराजवळच्या कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसते. जुन्या जणी कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाचं बोलत असतात, नावं सगळी अर्धी. चहा येतो तेव्हा कप एक कमी पडतो, आणि ती म्हणते, “नको, मी घेऊन आले.” सभा संपली की ती सगळ्यांच्या आधी चप्पल घालते. या बाईला आपण कुठेच दुखावलेलं नसतं, तरी ती पुन्हा येत नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. बसायला गोल करा. तिला बोलवायला गेलेल्या दोघींपैकी एकीनं तिला घरून सोबत घेऊन यावं आणि शेजारी बसावं. सुरुवातीला सगळ्यांनी, जुन्या सभासदांनीसुद्धा, नाव आणि राहायचं ठिकाण सांगावं. ‘कुणाची सून, कुणाची बायको’ ही ओळख नको. चहा मोजून चार कप जास्त सांगा.

*तपासणी:* दुसऱ्या सभेनंतर सोबतीणीनं चिटणिसांना दोनच गोष्टी कळवाव्यात. ती स्वतःहून कुणाशी बोलली का? पुढच्या सभेची तारीख तिनं विचारली का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर अर्ज पुढे करू नका. आणखी एका कार्यक्रमाला बोलवा.

टप्पा ६: अर्ज, पावती, ठराव, नोंदवही

आता अर्ज. एका पानाचा पुरे. तिला स्वतःचं नाव जसं लावायचं असेल तसं लिहू द्या. माहेरचं आडनाव असो की सासरचं, खोडाखोड करून ‘सौ.’ जोडू नका. पत्ता, फोन, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, सोयीची वेळ, आवडीचं काम. जात, नवऱ्याचा व्यवसाय, उत्पन्न हे रकाने जुन्या छापील अर्जांवर अजून दिसतात, ते काढून टाका. आधार कार्डाची झेरॉक्स मागायची गरज नाही. मागे सूचक-अनुमोदकाच्या सह्या आणि सभासदांसाठीचे नियम छापा, म्हणजे ‘मला सांगितलंच नव्हतं’ हा वाद राहत नाही.

पैशाबाबत कडक राहा. रोख घेतली तर जागच्या जागी क्रमांकाची पावती. फोनवरून पैसे पाठवणार असेल तर मंडळाच्या बँक खात्याचाच क्यूआर कोड. खजिनदारांच्या स्वतःच्या नंबरवर वर्गणी घेण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती ताबडतोब बंद करायला हवी. खजिनदार कितीही प्रामाणिक असल्या, तरी हिशेब तपासणीच्या वेळी त्यांनाच त्रास होतो.

मग कार्यकारिणीची मंजुरी. इतिवृत्तात ठराव साधा लिहा: “सभासदत्वासाठी आलेले अर्ज क्र. १ ते ८ वाचण्यात आले. घटनेतील अटींची पूर्तता होत असल्याने ते मंजूर करण्यात येत आहेत.” खाली सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. त्यानंतरच नोंदवहीत नाव: अनुक्रमांक, तारीख, पावती क्रमांक, ठराव क्रमांक आणि तिची स्वतःची सही. पावती फाडली पण ठरावच नाही, असं झालेलं असतं तेव्हा दोन वर्षांनी मतदार यादीवरून वाद पेटतो.

साध्या सभासदांची भर पडली म्हणून धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागत नाही. पण नवीन बाईला विश्वस्त किंवा कार्यकारिणीत घेतलं, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली तो बदल ९० दिवसांच्या आत कळवायचा असतो.

*इशारा:* निवडणुकीची वार्षिक सभा तोंडावर आली असताना गठ्ठ्यानं अर्ज आले, तर घटनेत मुदत काय दिली आहे ते आधी बघा. मुदत दिलेली नसेल, तर सभेची सूचना निघाल्यापासून सभा होईपर्यंत नवीन सभासद घ्यायचे नाहीत अशी तरतूद रीतसर घटनादुरुस्ती करून घ्या. एका गटानं रातोरात भरलेल्या तीस सभासदांमुळे मंडळ फुटतं, आणि त्या तीसजणीही पुढे कधी दिसत नाहीत.

टप्पा ७: पहिले तीन महिने

सभासद झाल्यानंतरचे तीन महिने तिला नुसतं बसवून ठेवू नका. दुसऱ्या सभेपर्यंत तिच्या नावावर एक लहान, संपणारं काम हवं. भोंडल्याच्या खिरापतीची यादी करणं, शिबिराच्या नावनोंदणीच्या टेबलावर दोन तास बसणं, ग्रंथपेटीतली पुस्तकं बघणं. काम दिलं की मध्ये हात घालू नका. “आमच्याकडे हे असं नाही करत” हे वाक्य जुन्या सभासदांनी तीन महिने बोलायचं नाही, असं मी तर कार्यकारिणीत ठरवूनच घ्यायला सांगते. नवीन बाईला हॉल झाडण्याचं आणि खुर्च्या मांडण्याचं कामच फक्त देणं हाही अपमान आहे. ते सगळ्यांनी मिळून करायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा नंबर घालण्याआधी तिला विचारा. दोन गट ठेवा. सूचनांच्या गटात फक्त अ‍ॅडमिन लिहितील: सभा, वेळ, जागा. सुप्रभात, देवांची चित्रं, फॉरवर्ड आणि वाढदिवस दुसऱ्या गटात, आणि त्यात यायची सक्ती नाही. दिवसाला साठ मेसेज येणारा गट बाई पहिल्याच आठवड्यात म्यूट करते आणि सभेची सूचनाही त्यातच बुडते.

टप्पा ८: न येणारीला फोन

लागोपाठ दोन सभा चुकल्या की सोबतीणीनं फोन करायचा, चिटणिसांनी नाही. पदाधिकाऱ्याचा फोन जाब विचारल्यासारखा वाटतो. “तुम्ही आला नाहीत” असं सुरू करू नका. “बऱ्याच दिवसांत भेट नाही, सगळं ठीक ना?” एवढं विचारा आणि ऐका. आजारपण, परीक्षा, दुकानाचा हंगाम असेल तर पुढे कधी जमेल ते टिपून ठेवा आणि तोवर कामाचं नाव काढू नका. सभेत कुणी काही बोललं म्हणून ती दुखावली असेल, तर ते त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या कानावर घाला आणि त्या दोघींची भेट घडवून आणा. आणि तिला खरोखरच नको असेल, तर राजीनाम्याच्या दोन ओळी लिहून घ्या, कार्यकारिणीत नोंद करा, भोंडल्याचं आमंत्रण मात्र तिला पाठवत राहा. अशा बायका वर्षा-दोन वर्षांनी परत येतात, बहुतेकदा एखाद्या मैत्रिणीला घेऊन.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तीच तीन पुस्तकं काढा आणि त्या आठ नावांपुढच्या खुणा बघा. पाच जणी वर्गणी, हजेरी आणि काम या तिन्ही रकान्यांत असतील, तर पुढच्या जुलैसाठी आणखी आठ नावं काढायला हरकत नाही. तीन किंवा कमी असतील तर यंदा नवीन कुणी घेऊ नका. आधी टप्पा ५ आणि ७ मध्ये कुठे कमी पडलो, ते त्या सोडून गेलेल्या बायकांनाच जाऊन विचारा.